उचंत खाते

माणूस आपल्या छंदाविषयी आयुष्यात दोनदा लेखी आणि एकदा तोंडी खोटे बोलतो. पहिले लेखी खोटे नोकरीच्या अर्जात, दुसरे लग्नाच्या माहितीपत्रकात. तोंडी खोट्याची पाळी चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांपुढे येते, आणि त्या वेळी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला असल्यामुळे ते तिथल्या तिथे पकडले जाते.

माझ्या पहिल्या खोट्याचा इतिहास असा. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा बँकेचा अर्ज भरायला मी आणि माझा एक मित्र एकाच टेबलाशी बसलो होतो. नाव, पत्ता, जन्मतारीख इथवर माझी गाडी सुरळीत आली आणि 'छंद' या रकान्यापाशी थांबली. मित्राने 'पोस्टाची तिकिटे जमवणे' असे लिहिलेले दिसले. सबंध विद्यार्थिदशेत मी कधी शेजाऱ्याच्या पेपरात डोकावलो नव्हतो. पण छंदाची मात्र सरळ कॉपी केली. मुलाखतीत मधल्या खुर्चीवरच्या साहेबांनी चष्मा सारखा केला आणि विचारले, "भारतातलं पहिलं तिकीट कोणतं?" मी क्षणभर विचार केल्यासारखे करून म्हणालो, "सर, पंचवीस पैशांचं." ते सिंध प्रांतात १८५२ साली निघाले, अर्ध्या आण्याचे होते, आकाराने गोल होते आणि त्याला 'सिंद डाक' म्हणतात, ही माहिती मला त्या साहेबांनीच दिली. तरीही नोकरी मिळाली. बँकेला तिकिटे जमवणाऱ्यापेक्षा तिकिटासारखा एका जागी चिकटून बसणारा माणूस हवा असावा. गेली तेवीस वर्षे मी चिकटलेला आहे.

लग्नाच्या वेळी तिकिटांचा उल्लेख मी धास्तीने गाळला. मुलीकडच्यांत एखादा पोस्टमास्तर निघाला म्हणजे? त्याऐवजी 'वाचन, संगीत, प्रवास' असे लिहिले. वाचन म्हणजे सकाळचे वर्तमानपत्र, संगीत म्हणजे शेजारच्यांचा रेडिओ आणि प्रवास म्हणजे स्वारगेट ते शिवाजीनगर. मुलीच्या कागदावर 'गायन, विणकाम, निरनिराळे पदार्थ करणे' असे होते. तिने माझ्या कागदावर विश्वास ठेवला, मी तिच्या. संसार असाच सुरू होतो.

आणि मग परवा, सेहेचाळिसावे लागल्यावर, डॉक्टरांनी पट्टा आवळता आवळता विचारले, "काही छंद आहे का?"

"आहे ना!" मी म्हणालो.

"कोणता?"

यंत्रावरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत वर गेला. डॉक्टरांनी काही न बोलता चिठ्ठीवर गोळीचे नाव लिहिले आणि त्याखाली लिहिले, 'एक छंद, रोज'. जेवणाआधी की जेवणानंतर, ते मात्र लिहिले नव्हते.

लहानपणी छंद लागतो. मोठेपणी तो लावून घ्यावा लागतो. पोराच्या हातात काडेपेटीची छापे येतात आणि चार दिवसांनी खिसा फुगलेला दिसतो. त्याने कुणाला विचारलेले नसते की याचा पुढे उपयोग काय. आपण मात्र छंद घ्यायला निघतो ते सोफासेट घ्यायला निघाल्यासारखे. चार ठिकाणी चौकशी करतो, टिकेल का विचारतो, घरात मावेल का बघतो. ऑफिसात मी नुसता विषय काढला तर आमचे कॅशियर म्हणाले, "तिकिटं जमवणार? विकली तर काय भाव येतो?"

तरी सुरुवात मी तिकिटांपासूनच केली. जुने खोटे फेडून टाकावे, असा विचार होता. पण आता पत्रे लिहितो कोण? शाखेत टपाल येते ते शिक्के मारलेले किंवा बारकोडची पट्टी लावलेले. तीन महिन्यांत तीन तिकिटे जमली आणि तिन्ही एकसारखी निघाली.

मग पक्षिनिरीक्षण. एका सहकाऱ्याची दुर्बीण आणली, सलीम अलींचे पुस्तक आणले. हे पुस्तक १९४१ साली प्रथम निघाले आणि तेव्हापासून माणसे ते हातात धरून झाडाखाली उभी आहेत. त्यातली एक अडचण कुणी सांगत नाही. पक्षी दिसला की पुस्तक उघडावे लागते आणि पुस्तकात तो सापडेपर्यंत झाडावर राहत नाही. पाषाणच्या तळ्यावर मी दोन रविवार पहाटे गेलो. एक खंड्या ओळखला, तोही शेजारच्या आठ वर्षांच्या मुलाने ओळखल्यावर. तिसऱ्या रविवारी उठवेना म्हणून गॅलरीतूनच तांबट शोधू लागलो. त्याचा ठोक्यासारखा टुक टुक आवाज समोरच्या झाडातून येत होता. ते झाड समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपुढे आहे, ही गोष्ट मला सोसायटीच्या सेक्रेटरींनी घरी येऊन, दार लोटून घेऊन, हळू आवाजात सांगितली. दुर्बीण परत गेली.

चित्रकलेविषयी काही लिहीत नाही. कागद अजून ओलाच आहे.

शेवटी बासरी. तुम्हीही कधी तरी जत्रेत किंवा गणपतीत ती घेतलेली असणार. काठीला बासऱ्यांचे झाड लावून विकणारा माणूस असे गाणे वाजवत जातो की ऐकणारा विरघळतो. आपण त्याच्याकडून ती विकत घेतो, ओठाला लावतो आणि आतून फुस्स असा आवाज येतो. गाणे त्याने स्वतःकडे ठेवून घेतलेले असते. यंदा मात्र मी रीतसर वर्गात नाव घातले. वर्गात मी सोडून अकरा विद्यार्थी, सगळे बाराच्या आतले. गुरुजी माझ्यापेक्षा वयाने लहान. ते मला 'काका' म्हणत आणि मी त्यांना 'गुरुजी'. पहिले आठ दिवस मी नुसता फुंकत होतो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. वरची तीन भोके नीट बंद केली की 'सा' लागतो, सहाही बंद केली की खालचा पंचम, इतके साधे शास्त्र आहे. पण माझी अनामिका गेली तेवीस वर्षे नोटा मोजण्यात आपला वाटा उचलत आलेली. तिला एका भोकावर स्वस्थ बसणे म्हणजे शिक्षा वाटे. शेजारची सात वर्षांची मुलगी दर मिनिटाला सांगायची, "काका, तुमचं बोट उचललंय."

आणि गंमत अशी की मला ते आवडू लागले. बँकेत दिवसभर चुकायची चोरी. संध्याकाळी कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक लागला तरी तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. इथे मी तासभर चुकत होतो आणि जगात कुणाचे दहा रुपये कमी होत नव्हते. शेहेचाळीस वर्षांचा माणूस आपल्या कामात इतका मुरलेला असतो की काहीही न येणे म्हणजे कसे असते, हे तो विसरून जातो. परवा एक आजीबाई पासबुक छापायच्या यंत्रापुढे गोंधळून उभ्या होत्या. एरवी मी काचेआडूनच बोट दाखवले असते. त्या दिवशी उठून बाहेर गेलो आणि पासबुक कसे उलटे धरायचे ते दोनदा दाखवले. हा बासरीचा फायदा म्हणावा काय? पण फायदा दाखवला की पुन्हा कॅशियरसाहेबांच्याच हिशेबात पडलो, म्हणून मी तो धरत नाही.

कॅशियरसाहेब मात्र पिच्छा सोडीनात. डबा खाताना म्हणाले, "छंद असावा तर सर सी. व्ही. रामन यांच्यासारखा." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. १९०७ पासून दहा वर्षे रामन, बहुतेक काळ कलकत्त्याला, सरकारच्या वित्त खात्यात नोकरीला होते, म्हणजे दूरचे का होईना आमच्याच जातकुळीतले. कचेरी भरण्याआधी आणि सुटल्यावर ते बहूबाजार स्ट्रीटवरच्या विज्ञानसंस्थेत जाऊन प्रयोग करीत. १९१७ साली नोकरी सोडून प्राध्यापक झाले, १९३० साली नोबेल पारितोषिक. मी मुकाट्याने पोळीचा तुकडा मोडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चर्चिल आणला. तो पठ्ठ्या १९१५ साली, मंत्रिपदावरून पायउतार झाल्यावर, चाळिसाव्या वर्षी चित्रे काढायला लागला आणि मरेपर्यंत काढत राहिला.

आमच्या पुण्यातलेच उदाहरण तर याहून मोठे. दिनकर केळकर हे चष्म्याच्या दुकानाचे मालक, 'अज्ञातवासी' नावाने कविता करीत. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. लोक ज्याला अडगळ म्हणून माळ्यावर टाकत, ते दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे, पाय घासायच्या वज्री हे सारे ते गावोगाव हिंडून घरी आणीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने उभे केलेले हे संग्रहालय त्यांनी १९७५ साली सरकारला देऊन टाकले. वस्तू वीस हजारांवर. मी तिथे जाऊन अर्धा तास नुसत्या अडकित्त्यांपुढे उभा राहिलो.

पण माझी शंका वेगळीच आहे. ही सगळी मुदत संपून भरभक्कम रक्कम हाती आलेल्या ठेवींची उदाहरणे झाली. रामन यांच्याबरोबर त्याच वित्त खात्यात आणखीही माणसे असतीलच. त्यातला एखादा कचेरी सुटल्यावर घरी जाऊन दहा वर्षे वाईट बासरी वाजवत असेल. त्याचे नाव कुणी डबा खाताना घेत नाही. त्याने ती दहा वर्षे फुकट घालवली म्हणायची का? आपल्या भाषेलाही याचा निर्णय लागलेला दिसत नाही. आपण करतो तो छंद, शेजारी करतो तो नाद आणि मेहुणा करतो ते व्यसन. 'छंद' हा चांगला शब्द. तोच 'स्व' लावून 'स्वच्छंदी' केला की मुलगी द्यायला कुणी तयार होत नाही. म्हणजे छंद असावा, पण तो स्वतःसाठी नसावा, असा काहीसा समाजाचा आग्रह आहे.

बँकेत एक उचंत खाते असते. एखादी रकमेची नोंद नेमक्या कुठल्या खात्यात टाकायची ते कळत नसेल, तर ती तात्पुरती तिथे टाकतात. मी बासरीचा तास असाच उचंतीला टाकला. पुढे बघू, म्हटले. आणि तिथेच घोटाळा झाला, कारण कॉमर्सचा पदवीधर असूनही मी एक साधा नियम विसरलो होतो.

एका संध्याकाळी पावणेआठला मी पुढच्या खोलीत रियाज करीत होतो. 'सा' नुकताच कुठे स्थिरावतो आहे असे वाटत होते, तोच स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी आली. चांगली लांब, भरदार आणि माझ्या 'सा'पेक्षा निःसंशय सुरेल. मी ओरडलो, "अगं, जरा तो कुकर बंद कर! सूर मोडतो!"

शिट्टी थांबली. ही पदराला हात पुसत दारात आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, तुमचा सूर लागेपर्यंत वरण थांबेल. पण आईंची गोळी आठची आहे. ती थांबायची नाही. ती तुम्ही देता का?"

गोळी कुठे ठेवतात, ते मला माहीत नव्हते.

लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने १४९४ साली व्हेनिसला छापलेल्या गणिताच्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत समजावून सांगितली. तिच्यावर सगळ्या जगाच्या बँका चालतात आणि माझे पोट चालते. प्रत्येक व्यवहाराच्या नोंदी दोन. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. मी घेतलेला तास आकाशातून पडलेला नव्हता. डॉक्टरांनी तो लिहून दिला, पण दिला नव्हता. मी माझ्या नावे टाकायला विसरलो आणि तिच्या जमेला तर टाकलाच नाही. छंद नव्हता तेव्हाही मी तास उचलत होतोच; कधी झोपेसाठी, कधी क्रिकेटच्या मॅचसाठी, कधी नुसतेच छताकडे बघण्यासाठी. लग्नाला एकोणीस वर्षे झाली. आठवड्याला फक्त रविवारचा एक तास धरला तरी वर्षाचे ५२ आणि एकोणीस वर्षांचे ९८८ तास. हे नुसते मुद्दल. चक्रवाढीने व्याज लावले असते तर कर्जदार म्हणून माझा फोटो घराबाहेर लागला असता.

तशात पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला हवा होता. तो शोधताना कपाटातल्या जुन्या पाकिटात आमची दोघांची माहितीपत्रके सापडली. हिचा कागद मी एकोणीस वर्षांनी पुन्हा वाचला.

"अगं, तू गात होतीस?"

"छे! ते मामांनी लिहिलं. मुलगी गाते म्हटलं की बरं दिसतं."

"विणकाम?"

"ते मावशीचं. एक मफलर नेला होता दाखवायला, तोही तिनंच विणलेला."

"मग तुझा खरा छंद कोणता होता?"

"तेवढं विचारायला कुणाला सवड नव्हती हो. आठ दिवसांवर साखरपुडा आला होता."

आणि ती दाखला शोधायला लागली. मला मात्र चैन पडेना. मी उदारपणे म्हणालो, "मग आता एखादा छंद घे. माझ्याकडे दोन-तीन आहेत, फारसे न वापरलेले. तिकिटांचा आल्बम अगदी कोरा आहे."

"मला छंद नको," ती म्हणाली. "मला रविवारी चार ते सहा वेळ द्या."

"दिला! काय करणार?"

"ते विचारायचं नाही."

आता सांगायला लाज वाटते, पण माझा पहिला विचार असा होता की हे नियमात बसत नाही. वेळ द्यायचा आणि कशासाठी ते कळायचे नाही? मी दोन दिवस धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी काउंटरवर एका म्हाताऱ्याने पैसे काढायची स्लिप पुढे केली आणि मी ती सवयीने तपासू लागलो. तारीख, खाते क्रमांक, रक्कम अक्षरी, रक्कम अंकी, सही. तेवीस वर्षांत त्या स्लिपवर जी गोष्ट कधी जाणवली नव्हती, ती जाणवली. 'पैसे कशासाठी हवेत' हा रकाना तिच्यावर नाही. तो कर्जाच्या अर्जात असतो. स्वतःचे पैसे काढायला आलेल्या माणसाला, बाबा रे, याचे काय करणार, असे विचारायची आमची प्राज्ञा नाही. त्याने ते नदीत टाकले तरी आम्ही मोजून द्यायचे आणि हसून द्यायचे. मी इतके दिवस बासरीसाठी स्वतःलाच कर्जाचा अर्ज भरायला लावत होतो, आणि बायकोपुढे तिच्याच ठेवीसाठी तोच अर्ज ठेवत होतो.

पहिल्या रविवारी चारला पाच मिनिटे कमी असताना ही कापडी पिशवी घेऊन बाहेर पडली. मी बासरी काढली. इतक्यात आईने विचारले, "कुठं गेली?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय रे?"

याचे उत्तर देईपर्यंत दूध उतू गेले. मग इस्त्रीवाला आला. त्याचे कपडे एकोणीस झाले की एकवीस, यावर आमचे मतभेद झाले. मग मुलीने अकरावीच्या अकाउंट्समधले गणित आणले आणि माझे उत्तर चुकले. आईच्या पाच वाजताच्या चहात साखर घालायची नसते, हे चहात साखर घातल्यावर कळले. त्या दोन तासांत माझी बासरी चार मिनिटे वाजली. सहाला दहा मिनिटे असताना ही परत आली आणि चेहरा असा, की कुठल्यातरी थंड जागी बसून आल्यासारखा.

आता हे तीन महिने चालू आहे. एका रविवारी हिच्या चपलेला ओला चिखल होता. एकदा उजव्या हाताच्या बोटाला निळी शाई. एकदा पिशवीला भाजलेल्या शेंगांचा वास, आणि त्या शेंगा घरी आल्या नाहीत. मुलीला मी सहज विचारले तर ती म्हणाली, "बाबा, मला माहीत असतं तरी सांगितलं नसतं." कॅशियरसाहेबांना तर ही गोष्ट पटतच नाही. ते म्हणतात, "अहो, उचंतीची नोंद फार दिवस ठेवता येत नाही. ऑडिटर विचारतात." मी म्हटले, विचारू देत.

रात्री झोपेत मात्र मी चिखल, शाई आणि शेंगा यांचा ताळा लावत असतो. नदीकाठ? वाचनालय? वहीत काही लिहीत असेल? की दर वेळी निराळेच काही, आणि कुठेही न पोचणारे? असे असले तर फारच छान, असे मला वाटते, आणि मग पुन्हा ताळा लावत बसतो. तेवीस वर्षांची सवय आहे.

कालच्या रविवारी बासरीवर 'सा' लागला. सलग दहा सेकंद, न हलता. मी इकडेतिकडे पाहिले, पण ऐकायला घरात आईशिवाय कुणीच नव्हते. सहा वाजता ही आली तेव्हा मी तिला दारातच सांगितले, "आज सा लागला."

"खरंच? कुणी ऐकला?"

आतून आईने सांगितले, "अगं, मी म्हटलं शिट्टी झाली, तर याने गॅसच पेटवलेला नव्हता."

ही हसली. पिशवी खुंटीला अडकवताना आतले काहीतरी टणक भिंतीवर आपटून वाजले. मी तिकडे पाठ केली आणि चहाचे आधण ठेवले.